एकोणीस वर्षांचं पेट्रोल

भंगारवाला चारशे म्हणाला,
मग वाकून चाक फिरवून बघितलं, म्हणाला, तीनशे ऐंशी.
मी म्हटलं, आधी चालू करून बघतो.
का म्हटलं, कुणास ठाऊक.
सूनबाई दारात होती. ती काही बोलली नाही,
आत जाऊन कुकरचं झाकण जरा जोरात लावलं.

जिन्याखालून ओढून काढलं.
वर नातवाची सायकल, खाली गणपतीचं मखर,
त्याखाली सतरंजी, आणि तळाशी हे.
लाल होतं. आता वाळल्या कोकमासारखं.
टाकीचं झाकण पान्यानं सुटलं.
वास पेट्रोलचा नव्हता,
शाळेच्या बाकांना मे महिन्यात लावायचे
त्या व्हार्निशचा होता.
स्क्रू ड्रायव्हर बुडवला तर तार निघाली.

दिवाळे कोळीवाड्यातून हसुराम आला.
होड्यांची इंजिनं करतो.
पिशवीत पाने कमी, गुंडाळलेल्या तारा जास्त.
इंजिनावर तळहात ठेवून थोडा वेळ गप्प उभा राहिला.
"भरून ठेवला ना, म्हनून बसला.
रिकामा ठेवला असता तर काय नाय झाला असता."

कार्बोरेटरमधलं जेटचं भोक
मोहरीहून बारीक, तेही बुजलेलं.
खराट्याची काडी मोठी पडली, सुई मोठी पडली,
शेवटी सूनबाईनंच
भांडी घासायच्या तारेतला एक धागा उपसून दिला.
गॅस्केट कापलं कुणाच्या तरी मुंजीच्या पत्रिकेतून,
'आपली उपस्थिती' एवढं त्यावर शिल्लक राहिलं.
ओढायची दोरी कुजली होती,
त्यानं जाळ्याची हिरवी दोरी ओवली.
सायलेन्सरच्या तोंडात
कुंभारमाशीनं चार मडकी लिंपली होती.
ती मी फोडली.
एकात आठ-नऊ कोळी, मेलेले नाहीत,
नुसते झोपवलेले.
"आमचीच मानसा," हसुराम म्हणाला,
आणि पहिल्यांदा हसला.

हे मी कंपनीच्या लिलावात घेतलं होतं,
रबाळ्याची आमची कंपनी बंद झाली तेव्हा.
लोकांनी पंखे नेले, कपाटं नेली,
चिटणीसनं कॅन्टीनचा वजनकाटा नेला.
मी स्टोअरमध्ये. बावीस वर्षं.
ऑफिसर्स क्लबसमोर हिरवळ होती.
'हिरवळीवर चालू नये' ही पाटी
मीच रंगवून आणली होती, बिल पासष्ट रुपये.
पेंटरनं 'हिरवल' लिहिलं म्हणून
एकदा परतही पाठवली होती.
त्या हिरवळीवर मी एकदाच चाललो,
लिलावाच्या दिवशी,
हे ढकलत, गेटपर्यंत.

पहिल्या ओढीला काही नाही.
सातव्या ओढीला खोकला.
मग माझा खांदा संपला, हसुरामनं दोरी घेतली.
"चोक आत," तो म्हणाला, "आत, आत, आता सोडा,"
आणि नेरुळची आमची अख्खी गल्ली थरथरली.
पांढरा धूर, मग निळा.
समोरच्या कुरियनबाईंनी वाळत घातलेले कपडे काढले.
मुलगा वर मीटिंगमध्ये होता,
त्यानं खिडकी लावली, मग पुन्हा उघडून
खाली बघितलं.

गवत बारा बाय आठ.
बाकीच्यावर गाडीसाठी फरशी.
जाताना एक पट्टा, येताना एक,
वळायला जागा नाही म्हणून
मागे ओढत तिसरा.
कुठून तरी गायबगळा उतरला
आणि यंत्रामागून चालू लागला,
हात मागे बांधलेल्या साहेबासारखा,
मध्येच वाकून किडा उचलत.
मग गवत संपलं.
चार मिनिटंही झाली नसतील.

हसुरामनं उरलेलं पेट्रोल बाटलीत ओतून घेतलं,
तेवढंच घेतलं. "आता रिकामा ठेवा."

संध्याकाळी सायलेन्सर निवल्यावर
कुंभारमाशी आली, तोंडात चिखलाचा गोळा.
भोकात डोकावली, निघाली.
सूनबाई आतून विचारत होती,
भंगारवाल्याचा फोन आलाय, काय सांगू?
मी चपला काढून गवतावर उभा होतो.
माशी वळून पुन्हा आली,
गोळा अजून तोंडातच.